लग्न ठरतंय, म्हणून मुलीच्या फिटच्या गोळ्या बंद करायच्या का?

प्रश्न गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका आईचा आहे. मुलगी २३ वर्षांची. पहिली फिट पंधराव्या वर्षी, दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत आली. तेव्हापासून सोडियम व्हॅल्प्रोएट चालू आहे, सध्या सकाळी ५०० आणि रात्री ५०० मिलिग्रॅम. मोठी फिट येऊन अडीच वर्षे झाली. चवथीनंतर साखरपुडा, उन्हाळ्यात लग्न. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, फिट येत नाही तर गोळ्या कशाला, सासरी काय गोळ्यांचा डबा घेऊन जाणार? आजीने देवळात प्रसाद, म्हणजे कौल, लावला, तो उजवा झाला, म्हणजे देवाचा होकार आला. कोणीतरी घाटावरच्या एका वैद्याची पुडी सुचवली आहे. मुलीचे केस गळतात, वजन वाढले आहे, त्यामुळे तिलाही गोळी नकोशी झाली आहे. मध्ये चार दिवस तिने कोणाला न सांगता गोळ्या घेतल्या नाहीत. “फिट काही आली नाही, फक्त सकाळी चहाची कपबशी हातातून दोनदा उडाली,” असे आई लिहितात. त्यांना विचारायचे आहे ते एवढेच: गोळ्या बंद करू का, आणि करायच्या तर किती दिवसांत?

ताई, आज रात्रीची गोळी तिला द्या. उद्या सकाळचीही द्या. पुढचे सगळे त्यानंतर बोलू.

तुमच्या पत्रातले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, ते कपबशीचे. ती कपबशी हातातून निसटली नाही, उडाली, असे तुम्ही लिहिले आहे. हा शब्द नेमका आहे. झोपेतून उठल्यावर पहिल्या तासाभरात हाताला, खांद्याला विजेचा धक्का बसावा तसा एक हिसका येतो. शुद्ध जात नाही. हातातला ब्रश, कंगवा, पेला उडून पडतो. घरचे म्हणतात, धांदरट आहे, झोप नीट झाली नाही. मुलीलाही तसेच वाटते. पण तो हिसका म्हणजे मेंदूतली छोटी फिटच असते. माझ्यासमोर बसलेल्या मुलांना मी नेहमी विचारते, “सकाळी हातातून वस्तू उडतात का?” आणि आई-वडील एकमेकांकडे बघतात, कारण हे सांगण्यासारखे आहे असे त्यांना कधी वाटलेलेच नसते.

पंधराच्या आसपास सुरुवात, जागरणाच्या किंवा ताणाच्या दिवसांत मोठी फिट, आणि सकाळचे हे हिसके. या तीन गोष्टी एकत्र आल्या की आम्हांला एका विशिष्ट प्रकारच्या अपस्माराची, म्हणजे फिटच्या आजाराची, शंका येते. त्याला जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात. पत्रावरून निदान करता येत नाही, त्यासाठी तिला तपासावे लागेल, जुने ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचे आलेख, बघावे लागतील. पण शंका खरी असेल तर दोन गोष्टी लगेच ठरतात. एक चांगली: हा प्रकार योग्य गोळीने फार सुरेख आटोक्यात राहतो, बुद्धीला काही होत नाही, शिक्षण, नोकरी, संसार सगळे होते. दुसरी ऐकायला जड: गोळी बंद केल्यावर फिट परत येण्याचे प्रमाण या प्रकारात फार मोठे आहे. दहाजणांनी गोळ्या सोडल्या तर सात-आठ जणांना फिट पुन्हा येते. अडीच वर्षे फिट आली नाही ती आजार गेला म्हणून नव्हे, गोळी काम करते आहे म्हणून. चार दिवस गोळी नव्हती, तेवढ्यात कपबशी उडाली.

सगळ्यांच्याच गोळ्या जन्मभर चालतात असे नाही, हेही सांगायला हवे. लहान मुलांतले अपस्माराचे काही प्रकार वयाबरोबर जातात आणि गोळ्या हळूहळू थांबवता येतात. मोठ्यांतही दोन वर्षे किंवा जास्त काळ फिट आली नसेल तर आम्ही हा विचार करतो. ब्रिटनमध्ये हजारावर रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. किमान दोन वर्षे फिट न आलेल्या लोकांपैकी अर्ध्यांच्या गोळ्या हळूहळू थांबवल्या, अर्ध्यांच्या चालू ठेवल्या. पुढच्या दोन वर्षांत थांबवलेल्यांपैकी ४१ टक्के लोकांना फिट परत आली, चालू ठेवलेल्यांपैकी २२ टक्क्यांना. म्हणजे थांबवणे हा नेहमीच वेडेपणा नसतो, पण तो हिशोब करून घ्यायचा निर्णय आहे, आणि तो हिशोब अपस्माराचा प्रकार कोणता यावर सगळ्यात जास्त अवलंबून असतो. तुमच्या बायच्या बाबतीत तो बंद करण्याच्या विरुद्ध जातो.

आणि थांबवायचेच ठरले तरी ते काही महिन्यांत, पायरी-पायरीने करतात. एकदम बंद केलेली गोळी फार वाईट सूड घेते. एकामागून एक फिटा येत राहतात, मधे शुद्धच येत नाही, अतिदक्षता विभागात नळी घालून झोपवावे लागते. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात अशा अवस्थेत आणलेले किती रुग्ण मी पाहिले असतील! आणलेल्या माणसाबरोबर कोणीतरी हमखास असते, जे हळूच सांगते की, आठ दिवसांपूर्वी गोळ्या सोडल्या होत्या.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे येते, कारण तुम्ही चुकीच्या कारणासाठी का होईना, अगदी योग्य वेळी विचारले आहे. गोळी बंद करायची नाही, पण ही गोळी बदलायचा विचार मात्र आताच करायला हवा. आणि त्याचे कारण केस किंवा वजन नव्हे.

व्हॅल्प्रोएट हे या प्रकारच्या अपस्मारावर फार प्रभावी औषध आहे. पण पोटातल्या बाळासाठी ते अपस्माराच्या नेहमीच्या औषधांतले सगळ्यात धोक्याचे आहे. कोणत्याही सर्वसाधारण गरोदरपणात बाळात जन्मजात मोठा दोष असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते. आई व्हॅल्प्रोएटवर असेल तर ती साधारण दहापर्यंत जाते: पाठीचा कणा नीट न मिटणे, हृदयाचे दोष, टाळू दुभंगणे. हे डोसवर अवलंबून असते. अनेक देशांतल्या गरोदर स्त्रियांची नोंद ठेवणाऱ्या युरॅप या उपक्रमाचे २०१८ चे आकडे आहेत. दिवसाला ६५० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत सुमारे ६ टक्के, ६५० ते १४५० मध्ये सुमारे ११ टक्के, त्याहून वर २५ टक्के. तुमच्या मुलीचा डोस मधल्या गटात बसतो. त्याच नोंदीत लेव्हेटिरासिटाम या अपस्माराच्याच दुसऱ्या औषधाचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आत आहे.

दिसणारे दोष सोनोग्राफीत कळतात तरी. न दिसणारी गोष्ट मला जास्त बोचते. व्हॅल्प्रोएटच्या संपर्कात वाढलेल्या मुलांपैकी ३० ते ४० टक्के मुलांना बोलणे, चालणे, शिकणे, माणसांत मिसळणे यांत अडचणी येतात, स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) प्रमाणही जास्त असते. ते कोणत्याही सोनोग्राफीत दिसत नाही. शाळेत गेल्यावर दिसते.

आणि बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकली हे लक्षात येऊन, घरी तपासून, डॉक्टरांची वेळ घेऊन तुम्ही येईपर्यंत ते काम झालेले असते. म्हणूनच दिवस गेल्यावर गोळी बदलून फारसा फायदा नाही. बदलायची ती आधी.

मी प्रॅक्टिस सुरू केली त्या वर्षांत मीही मुलींना ही गोळी लिहून दिली आणि या विषयावर एक शब्द बोलले नाही. मुलगी शाळेच्या गणवेशात समोर बसलेली, लग्न-मूल या गोष्टी कोण काढणार? फिट थांबल्या, आई-वडील खूष, मीही खूष. दर सहा महिन्यांनी तीच चिठ्ठी पुढे. मग एक दिवस त्यांतलीच एक तीन महिन्यांची गरोदर होऊन आली. ते बाळ कंबरेखाली लुळे जन्मले. त्या आईने मला कधी दोष दिला नाही. तिला कोणी सांगितलेच नव्हते, त्यामुळे दोष द्यायचा असतो हेही तिला माहीत नव्हते. आता बारा-तेरा वर्षांच्या मुलीलाही ही गोळी द्यायची वेळ आली तर मी आईला आत बसवून पहिल्याच दिवशी हे सगळे सांगते. शक्यतो ती गोळी सुरूच करत नाही.

मग बदलायची कशी? जुनी आज बंद, नवी उद्या सुरू, असे नाही. नवी गोळी हळूहळू वाढवत पुऱ्या डोसला आणायची, तोपर्यंत जुनी तशीच ठेवायची. मग जुनी दर दोन-तीन आठवड्यांनी एक पायरी खाली आणायची. या सगळ्याला तीन-चार महिने लागतात, आणि जुनी पूर्ण थांबल्यावर पुढचे काही महिने बघायचे असते की कपबशी उडते का. उन्हाळ्यात लग्न आहे ना? मग आता सुरुवात केली तर वेळ पुरेसा आहे. साखरपुडा झाल्यावर बघू म्हणालात तर पुरणार नाही.

कोणती गोळी, हे तिला तपासून ठरेल. या प्रकारात बहुतेक वेळा लेव्हेटिरासिटामचा विचार होतो. त्या गोळीने वजन फारसे वाढत नाही, इतर औषधांशी भांडण होत नाही, रक्ताच्या तपासण्या कमी लागतात. पण त्या गोळीचा एक स्वभाव आहे, तो घरच्यांनी ओळखायला हवा. काहीजणांना या गोळीने चिडचिड होते, विनाकारण रडू येते, क्वचित जीव नकोसा वाटतो. लग्नाच्या धामधुमीत मुलगी रडते आहे, चिडते आहे, तर सगळे म्हणतील माहेर सुटतंय म्हणून. तसे धरून चालू नका. गोळी सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत मन बदलले तर मला कळवा. दुसरा मार्ग काढता येतो.

कोणीतरी म्हणेल, शेजाऱ्याच्या मुलाला कार्बामाझेपीनने बरे वाटले, तीच घ्या. किंवा फेनिटॉइन, ते तर १९३८ पासून वापरात आहे, स्वस्त आहे. दोन्ही चांगली औषधे आहेत, पण या प्रकारातले सकाळचे हिसके त्यांनी वाढू शकतात. अपस्माराची गोळी चपलेसारखी एकमेकांची घालून बघायची नसते. लॅमोट्रिजीन हा एक पर्याय असतो, गरोदरपणातही सुरक्षित मानला जातो, पण व्हॅल्प्रोएट चालू असताना तो सुरू करायचा तर अगदी मुंगीच्या पावलांनी. व्हॅल्प्रोएटमुळे रक्तातले लॅमोट्रिजीन जवळजवळ दुप्पट होते आणि घाईने वाढवले तर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतो. लॅमोट्रिजीन, कार्बामाझेपीन, फेनिटॉइन यांतली कोणतीही गोळी नवी असताना, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत, पुरळासोबत ताप आला, तोंड आले, डोळे लाल झाले तर पुढचा डोस घेण्याआधी इस्पितळ गाठायचे. उद्या बघू म्हणायचे नाही.

आणि लेव्हेटिरासिटामने फिट थांबल्याच नाहीत तर? असे होते. काहीजणींना व्हॅल्प्रोएटवाचून गत्यंतर नसते. तेव्हा सगळे समजून-उमजून, कमीत कमी डोसवर ते ठेवतात. तो निर्णय डॉक्टरांचा एकट्याचा नसतो, ती आणि तिचा नवरा दोघांनी घ्यायचा असतो.

ताई, लग्न पुढे ढकलायची काहीच गरज नाही. पुढे ढकलायचे ते मूल, गोळी नीट बसेपर्यंत. गर्भनिरोधनाचे साधन लग्नाआधीच ठरवा. व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासिटाम यांच्यामुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होत नाही. कार्बामाझेपीन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन यांनी मात्र होतो, त्या घेणाऱ्या कितीतरी मुलींना हे कोणी सांगितलेले नसते. लॅमोट्रिजीनची गोष्ट उलटी: इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळीमुळे लॅमोट्रिजीनच रक्तात निम्म्यावर येऊ शकते आणि फिट येते. फॉलिक अॅसिडची गोळी मूल हवे असे ठरवण्याच्या आधीपासून सुरू करायची, आम्ही साधारण ५ मिलिग्रॅम देतो. मात्र फॉलिक अॅसिड घेतले म्हणून व्हॅल्प्रोएटचा धोका धुऊन निघतो असे नाही.

आणि समजा, बदल पूर्ण व्हायच्या आधीच दिवस गेले. तरीही स्वतःच्या मनाने गोळी सोडायची नाही. पोटात मूल असताना आईला मोठी फिट आली तर दोघांचाही जीव धोक्यात येतो. गोळी चालू ठेवून त्याच आठवड्यात यायचे. गरोदरपणात लेव्हेटिरासिटाम आणि लॅमोट्रिजीन दोन्ही शरीरातून जास्त वेगाने बाहेर पडतात, त्यामुळे डोस वाढवावा लागतो आणि बाळंतपणानंतर परत खाली आणावा लागतो. अंगावर पाजायला सहसा काही हरकत नसते. गोळी घेते म्हणून बाळाला बाटली लावण्याचा सल्ला अजूनही कानावर येतो, तो ऐकू नका.

आता सासरच्यांना सांगायचे का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तुमच्या ओळींच्या मध्ये तो मला दिसला. सांगा. साखरपुड्याच्या आधी सांगा. मी हे नीतीचा धडा म्हणून सांगत नाही. लपवलेली गोळी चुकते, म्हणून सांगते. नव्या घरात सासू-नणंदांच्या समोर गोळी काढायला जागा मिळत नाही, मुलगी न्हाणीघरात जाऊन घेते, मग एक दिवस राहते, दोन दिवस राहतात. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात फिट येऊन माझ्याकडे आलेल्या मुलींपैकी बहुतेकींची गोष्ट हीच असते. त्यापेक्षा त्या मुलाला माझ्याकडे घेऊन या. मी त्याला समजावेन. ज्यांना सांगितले आणि ज्यांनी पाठ फिरवली, असेही मी पाहिले आहेत. ते दुःख मोठे असते, पण लग्नानंतर पाठ फिरवण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. कायद्याची भीती घालणारे लोक असतात. हिंदू विवाह कायद्यात एके काळी अपस्माराचा उल्लेख होता, तो १९९९ च्या दुरुस्तीने काढला गेला. आपल्या गोव्यात विवाहाचा नागरी कायदा वेगळा आहे, त्यामुळे काही शंका असेल तर इथल्या वकिलालाच विचारा, व्हॉट्सअॅपवरच्या संदेशावर जाऊ नका.

पुडीबद्दल. घाटावरच्या वैद्याची पुडी घेऊन फिट थांबल्या असे सांगणारे लोक खोटे बोलत नाहीत. थांबतातही. पण देशात अशा पुड्या तपासल्या गेल्या तेव्हा काहींत फिनोबार्बिटोन, म्हणजे आमचेच एक जुने औषध, दळून घातलेले सापडले आहे. किती घातले याचा पत्ता नाही, आणि पुडी संपल्यावर तेही एकदम बंद होते. ज्या पाकिटावर आत काय आहे ते लिहिलेले नाही, ते तिच्या पोटात जाऊ देऊ नका.

आजींना माझा नमस्कार सांगा. प्रसाद उजवा झाला, तर तो लग्नाला झाला असे धरूया. देवाने लग्न सुखरूप होईल म्हटले आहे, आणि ते सुखरूप व्हावे म्हणून नातीने गोळी वेळेवर घ्यायची आहे. माझ्या कितीतरी रुग्णांच्या आज्या रोज संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर नातवंडाला गोळी देतात. त्या घरांत गोळी चुकत नाही.

आपल्या पावसाची एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. व्हॅल्प्रोएट हवेतला ओलावा शोषून घेते. जूनमध्ये एका बाईंनी महिन्याभराच्या गोळ्या पाकिटातून फोडून प्लास्टिकच्या डबीत भरल्या, सोयीसाठी. माझ्यासमोर डबी उघडली तर आत बोटाला चिकटणारा एक गोळा. त्या गेले आठ दिवस त्याचे तुकडे करून खात होत्या. ही गोळी खायच्या क्षणापर्यंत तिच्या पाकिटातच ठेवा. कार्बामाझेपीनचे उलटे होते, ती दमट हवेत कडक होते आणि पोटात नीट विरघळत नाही, एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त परिणाम त्यामुळे जाऊ शकतो. पावसाळ्यात अचानक फिट येऊ लागल्या की मी डोस वाढवण्याआधी विचारते, गोळ्या कुठे ठेवता? न्हाणीघरातले कपाट, चुलीवरची फळी, खिडकीची चौकट, या तीन जागा नकोत. खोलीतले कपाट, घट्ट झाकणाचा डबा, आत पाकिटासकट गोळ्या.

फार्मसीत ‘तीच गोळी, दुसऱ्या कंपनीची’ म्हणून देतात. त्यात वावगे असेलच असे नाही, स्वस्त जेनेरिकही चांगली काम करते. पण अपस्मारात शक्यतो एकच कंपनी धरून ठेवा, आणि एक गोष्ट प्रत्येक वेळी वाचा: साधी गोळी आहे की सावकाश विरघळणारी. सावकाश विरघळणाऱ्या गोळीच्या नावापुढे काही इंग्रजी अक्षरे असतात. ती अक्षरे बदलली की औषध बदलले असे समजा आणि विचारल्याशिवाय घेऊ नका. सावकाश विरघळणारी गोळी कुटायची किंवा चावायची नाही. आणि घरात नेहमी पंधरा दिवसांचा साठा हवा. चवथीच्या सुट्टीत दुकान बंद होते, म्हणून तीन दिवस राहिले, हे कारण मला दर वर्षी ऐकायला मिळते.

गोळी चुकली तर आठवताक्षणी घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नका, पुढची वेळेवर घ्या आणि वहीत लिहून ठेवा. गोळी घेतल्यावर लगेच, अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती परत घ्यावी लागते. उपास असला तरी गोळी उपासाला चालते, हे घरात एकदा सगळ्यांसमोर स्पष्ट करून टाका. रिकाम्या पोटी व्हॅल्प्रोएटने मळमळते, म्हणून एक केळे किंवा दूध घेऊन.

झोप. या प्रकारच्या अपस्मारात झोप हे अर्धे औषध आहे. आपल्याकडे जत्रेचे नाटक रात्री अकराला सुरू होते आणि पहाटे पडदा पडतो. जत्रेला जायचे, पालखी बघायची, पहिला अंक बघायचा आणि घरी येऊन झोपायचे. जागरणानंतरची सकाळ या मुलांना सगळ्यात धोक्याची. आणि आता तिच्या स्वतःच्या लग्नाचे बघा. चुडा, हळद, पाहुणे, मेंदी, तीन-तीन रात्री नवरीला कोणी झोपू देत नाही, आणि लग्नाच्या दिवशी मुहूर्त होईपर्यंत पोटात काही नसते. मी प्रत्येक नवऱ्या मुलीच्या आईकडून एक कबुली घेते: आदल्या तीन रात्री ती निदान सात तास झोपेल, आणि लग्नाच्या दिवसाच्या गोळ्या पाठराखणीच्या पर्समध्ये असतील, घड्याळाचा गजर लावून. ती मैत्रीण असो, मामेबहीण असो, एकीवर जबाबदारी टाका.

पावसाळ्यात ताप आला, डेंग्यू निघाला, तर तपासणाऱ्या डॉक्टरांना व्हॅल्प्रोएट चालू असल्याचे सांगा. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, आणि व्हॅल्प्रोएटनेही काहीजणांच्या उतरतात. तापात मनाने अॅस्पिरिन घेऊ नका. दुखण्यासाठी ट्रामाडॉल, जुलाबासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, ही सहज हाती येणारी औषधे फिट ओढवून आणू शकतात. दवाखान्यात बसल्या-बसल्या पहिले वाक्य हेच: “मला फिटचा आजार आहे, ही गोळी चालू आहे.” व्हॅल्प्रोएट चालू असताना सारख्या उलट्या, सुस्ती, पोटात जोरात दुखणे, डोळे पिवळे होणे, अंगावर निळे डाग, यांतले काही झाले तर त्याच दिवशी दाखवा.

गोळी बदलण्याच्या काळात तिने स्कूटर चालवू नये. आपल्याकडे स्कूटर नसली की पाय तुटल्यासारखे वाटते, ते मला कळते. पण चालकाच्या परवान्याच्या अर्जातच अपस्मार आहे का, हे विचारलेले असते, आणि तिथे खोटे लिहून उतारावर हात उडाला तर तो कपबशीवर थांबणार नाही. न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही. विहिरीवर, नदीत, समुद्रात एकटीने नाही.

फिट आलीच तर: घड्याळ बघा. तिला कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचे नाही. कांदा, चप्पल, लोखंड यांनी फिट थांबत नाही, ती दोन-तीन मिनिटांत बहुतेक वेळा आपसूक थांबते आणि श्रेय चपलेला जाते. पाच मिनिटे झाली तरी थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी सुरू झाली, तर १०८. अशी फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा मिळतो. तिच्या वजनाप्रमाणे किती वेळा मारायचा, ते मी खोक्यावर मराठीत लिहून देते. एक माहेरी, एक सासरी.

येताना जुने ईईजी, सगळ्या चिठ्ठ्या आणि घरात आहेत त्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट पिशवीत घालून आणा. पुडी घेतली असेल तर तीही आणा, मी रागावणार नाही. कपबशी उडाली त्या दोन तारखा आठवत असतील तर लिहून ठेवा, आणि उद्यापासून सकाळी पुन्हा काही उडाले तर तेही, वेळेसकट. मुलीने एकटीने माझ्याशी बोलावे अशी माझी इच्छा आहे, तेव्हा पहिली वीस मिनिटे तुम्हांला बाहेर बसावे लागेल.